वरचं पाणी

सप्ताह संपला त्याच्या दुसऱ्या सकाळी चहा फाटला.

मालनने पातेलं खाली उतरवून निरखून पाहिलं. दुधाचे बारीक गोळे वर आले होते, खाली पिवळट पाणी. तिने ते बाजूला सारलं, पातेलं घासलं, पुन्हा आधण ठेवलं. दुसरा चहाही फाटला. स्टोव्हपाशी डबा घेऊन उभा असलेला तिचा नवरा लवू करवादला, "त्या भय्याला सांग, शिळं दूध आमच्या गळ्यात घालू नको म्हणावं. शिफ्ट चुकेल माझी."

"दूध शिळं नाही. म्हशीखाली भांडं धरलं तेव्हा मी तबेल्यात उभी होते."

"मग चहापत्ती?"

हंड्यातलं पाणी मालनने ओंजळीत घेतलं, जिभेला लावलं, आणि तशीच भिजल्या हाताने दारात आली. बाहेर तिचा सासरा धोंडू वाफ्यांत उकिडवा बसून माठाच्या जुड्या बांधत होता. सप्ताहातला बुक्का अजून कपाळावर होता. सात दिवस टाळ वाजवून त्याच्या बोटांची सालं निघाली होती, पण चेहऱ्यावर तृप्ती होती. तो आपल्याशीच गुणगुणत होता.

"बाबा, पाणी चाखून बघा."

धोंडूने घोट घेतला. गुणगुणणं थांबलं. त्याने तो घोट गिळला नाही, थुंकलाही नाही. तोंडात धरून विहिरीकडे बघत राहिला.

कांदिवलीच्या खाडीकडच्या अंगाला राऊतांची ही वाडी. मधोमध दगडी बांधणीची विहीर, रहाट, चार चिकूची झाडं, भाजीचे वाफे, कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. गिरणीच्या संपात लालबागचं सगळं बसलं तेव्हा धोंडू मुला-सुनेला घेऊन इथे आला. वाडी राखायची, विहीर सांभाळायची, भाजी पिकवून विकायची. त्या बदल्यात कडेची खोली. विहीर होती म्हणून वाडी, आणि वाडी होती म्हणून डोक्यावर पत्रा. म्युनिसिपालटीचा नळ पार रस्त्यापलीकडे, तोही सकाळी जरा वेळ गळून बंद व्हायचा. रांगेतली सगळी घरं विहिरीवरच जगत.

आणि काल काल्याच्या कीर्तनाला त्याच विहिरीवर डिझेलचं इंजिन बसवलं होतं.

देवळाच्या मंडळाचा दादू इंजिन घेऊन आला तेव्हा मालनने पदर सावरून म्हटलं होतं, "चैत्राचं पाणी आहे, बाबा. इंजिन नको. लागेल तेवढं आम्ही बाया ओढून देऊ." पण आदल्या दिवशी बुवांनी भर कीर्तनात, पूर्वरंग संपवून उत्तररंगाकडे वळताना, धोंडूचं नाव घेतलं होतं. "ज्याच्या विहिरीने देवाच्या पंगतीची तहान भागते, त्या धोंडोबाचं भाग्य काय वर्णावं!" सगळ्या मांडवाने मागे वळून पाहिलं होतं. जन्मभर गिरणीत साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला असं कोणी कधी वळून पाहिलं नव्हतं.

"देवाच्या कामाक नाय कसा म्हणू गो?" एवढंच तो मालनला म्हणाला होता.

इंजिन दिवसभर धडधडलं. पिंपं भरली, पंगतीची भांडी धुतली, रस्त्यावर सडा मारला, उरलं ते मांडवाच्या मागे वाहून गेलं. तिन्हीसांजेला पाइपातून गाळ येऊ लागला तेव्हा दादूने इंजिन बंद केलं. महाप्रसाद झकास झाला.

आता विहिरीतलं पाणी पुन्हा वर आलं होतं. निवळ, शांत, आणि खारं.

दोन-तीन दिवसांत माठाच्या पानांच्या कडा करपल्या. आधी तांबूस, मग तपकिरी, मग कुरकुरीत. मुळ्याचा पाला मान टाकून पडला. मालन जुड्या बांधायची तेव्हा करपलेली पानं आत वळवून टाकायची आणि बाजारात कोणी जुडी उलगडून बघितली की तिचे कान गरम व्हायचे. खोल्यांमध्ये डाळ शिजेना. साबणाला फेस येईना. केस धुतले की काथ्यासारखे व्हायचे.

शेजारची शकु तोंडाने फटकळ. नवरा वारल्यावर भांडी घासून तिने दशरथला वाढवला होता, आणि त्याचं लग्न वैशाखअखेर ठरलं होतं. तिने विहिरीवर कळशी आदळली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या सासऱ्याने देवाला पाणी पाजलं गं, आणि आमच्या घशात मीठ ओतलं! पुण्य त्याला एकट्याला आणि खरूज आम्हाला सगळ्यांना, हा कुठला न्याय?"

"शकुताई, हळू. बाबा आत आहेत."

"ऐकू दे ना. कीर्तनात नाव ऐकलं, आता हे पण ऐकू दे."

धोंडू आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने टाळ खुंटीला अडकवले ते काढले नाहीत. एकादशीचं कीर्तन आलं तसं गेलं.

रविवारी तो एकाएकी उठला, धोतर वर खोचलं आणि लवूला म्हणाला, "चल. विहीर उपसूया."

"बाबा, सुट्टीचा एक दिवस मिळतो यार."

"आमच्या गावाक विहीर नासली का उपसून काढतत. जुना पाणी गेला की नवे झरे फुटतत. चल, माझा चुकला तर माकाच निस्तरूक होया."

धोंडूचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, कातळातलं. तिथल्या विहिरीला हाच उपाय होता आणि तो कधी फसला नव्हता. दिवसभर बापलेक उपसत राहिले. लवू वर रहाटावर, धोंडू खाली पायऱ्यांच्या कपारीत पाय रोवून घमेल्याने गाळ भरत. संध्याकाळी त्याला वर घेतलं तेव्हा छातीपर्यंत काळा चिखल होता. तरी डोळ्यांत आशा होती. तळाच्या एका फटीतून पाण्याची धार सुटलेली त्याने स्वतः पाहिली होती.

सकाळी मालनने पोहरा ओढला आणि चाखलं. आधी मचूळ होतं. आता नुसती खाडी होती.

धोंडूने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दाराशी ठेवलेलं घमेलं आत नेलं.

त्याच आठवड्यात वाडीचे मालक नंदकिशोर राऊत आले. बँकेत नोकरी, पांढरा बुशकोट, बोलणं मऊ. त्यांनी करपलेले वाफे पाहिले, रुमालाने मान पुसली.

"धोंडूमामा, कानावर आलं ते खरं म्हणायचं."

धोंडू हात जोडून उभा होता.

"माझ्याकडे एक गृहस्थ येतात, लाद्यांचं गोदाम टाकायला जागा बघतायत. मी आजवर टाळत होतो. वडिलांनी लावलेली वाडी, चांगली विहीर, म्हटलं राहू दे. पण आता विहीरच राहिली नाही तर कशाला? पावसाआधी भरणी घालतो. डबर टाकलं की सपाट होईल."

"आणि आम्ही?" मालनने विचारलं. विचारताना तिचाच आवाज तिला परका वाटला.

राऊत जमिनीकडे बघत म्हणाले, "लवू कमावता आहे. कुठेतरी खोली बघा. मी काय, लगेच जा म्हणत नाही."

"भाऊ, विहिरीला थोडे दिवस द्या."

"विहीर म्हणजे काय आजारी माणूस आहे?" ते हसले, पण कुचेष्टेने नाही. "मिरगाच्या आधी एक चक्कर मारतो. तेव्हा बघू."

ते गेल्यावर लवू म्हणाला, "नालासोपाऱ्याला आमच्या कंपनीतल्या एकाची खोली आहे. विचारून ठेवतो. आपली वाट लागलीय, मालन, उगाच आशा कशाला?" धोंडू ऐकत होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

मालन दुसऱ्या दिवशी होडीत बसून माहेरी गोराईला गेली. तिचा भाऊ बाळा वाल सोलत अंगणात बसला होता. तिने सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता सोलायचा थांबला.

"उपसली? खाडीकाठची विहीर उपसली? अगं, तू इथे जन्मलीस ना? आये कशी पाणी काढायची ते विसरलीस?"

"मी लहान होते. तिच्या दोरीला गाठ असायची; मला वाटलं, दोरी तोकडी म्हणून जोडलीय."

"तोकडी कसली! आपल्याकडे विहिरीत दोन पाणी. गोडं वर, खारं खाली. दुधावर साय असते तसं. साय अलगद काढली तर रोज धरते. तुम्ही ढवळलंत, वर पातेलं उपडं केलंत."

"आता काय करू?"

"काय करायचं? हात लावू नका. लावायचाच तर वरच्या वर, थोडं, सकाळ-संध्याकाळ. दुपारभर पडू दे तिला. आणि धीर धरा. खालचं खाली जायला वेळ लागतो."

"किती वेळ?"

"ते मी कसं सांगू? विहिरीला विचार." मग बहिणीचा चेहरा बघून तो नरमला. "बसेल गं. बसतं."

बाळाने तिला एक उथळ पत्र्याची पाटी दिली, कडी लावलेली. बुडायची नाही, पाण्यावर आडवी होऊन साय काढल्यासारखं वरचं पाणी घ्यायची. मालनने घरी येऊन खोल पोहरा सोडवला आणि पाटी बांधली. दोरीला अशी गाठ मारली की ती रहाटाच्या कप्पीत अडकावी आणि पाटी ठरल्या रेघेखाली उतरू नये. चढत्या पाण्याबरोबर गाठ सरकवायची, उतरत्याबरोबर नाही.

धोंडू हे सगळं बघत होता. "ह्या तुझ्या गावाचा शास्त्र?"

"आईची सवय होती, बाबा. मला अर्धीच माहीत."

"अर्धी तर अर्धी," तो म्हणाला, आणि स्वतः उठून त्याने गाठ ओढून घट्ट केली.

त्यांनी अर्धे वाफे मरू दिले. ते फार जड गेलं. धोंडूने स्वतः लावलेला मुळा, त्याच्यावरून तो तोंड फिरवून जायचा. उरलेल्या वाफ्यांवर त्यांनी वाळल्या झावळ्या आणि चिकूचा पाला अंथरला, म्हणजे ऊन थेट मातीला लागू नये. न्हाणीपासून चर खणून आंघोळीचं पाणी अळवाकडे वळवलं. तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण, सगळं एका बादलीत; बादली भरली की वाफ्याच्या मुळाशी. राखेने भांडी घासायची, मग धुवायला तांब्याभर पुरतं. कपडे एक दिवसाआड. प्यायचं पाणी रस्त्यापलीकडच्या नळावरून, आणि तिथे बायांच्या रांगेत धोंडू दोन कळश्या घेऊन उभा राहायचा. नळावरच्या पोरी हसायच्या. "आजोबा, सून रुसली काय?" तो म्हणायचा, "सून नाय गो, विहीर रुसली."

लवू मगभर पाण्यात दाढी आणि बादलीच्या तळाशी आंघोळ करून बाहेर यायचा. "आपली आंघोळ म्हणजे आता तीर्थ घेतल्यासारखी. हातावर घ्यायचं, डोक्याला पुसायचं," तो म्हणायचा. पण नालासोपाऱ्याच्या खोलीबद्दल त्याने कंपनीत अजून विचारलं नव्हतं.

अडचण रांगेची होती. शेजाऱ्यांना उथळ पाटीने ओढायचा कंटाळा. एक कळशी भरायला हात भरून यायचे. दुपारी मालन बाजारातून परतली की गाठ सुटलेली आणि खोल पोहरा परत लावलेला असायचा. तिने शकुला रंगेहाथ धरलं.

"शकुताई, गाठ का सोडली?"

"माझे खांदे गेलेत, म्हणून! तुझी पाटी म्हणजे चमच्याने विहीर रिकामी करायची. आणि सोसायचं आम्ही का? इंजिन आम्ही आणलं होतं?"

मालनने गाठ पुन्हा मारली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सुटली. त्या सकाळचं पाणी कालच्याहून खारं होतं.

मालनची आता झोपेतून उठताना आधी जीभच जागी व्हायची. विहिरीशी जाताना पाय जड. चाखायचं, थुंकायचं, आणि मागे ओसरीत बसलेल्या सासऱ्याकडे न बघता हंडा उचलायचा. एके दिवशी वाटायचं, जरा हलकं झालं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, भास होता. राऊत कधीही येतील. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की तिचा हात कामात असेल तिथे थांबायचा.

मग एका दुपारी धोंडूने खुंटीवरचे टाळ काढले.

तो विहिरीशेजारी चिकूच्या सावलीत येऊन बसला. ऊन रणरणत होतं, पत्रे तापून कडकड वाजत होते. त्याने डोळे मिटले आणि टाळाचा अगदी हलका ठेका धरला. कोणी ऐकावं म्हणून नव्हे. जरा वेळाने त्याने बुवांच्या धाटणीने आख्यान लावलं, मनचंच. एका म्हातारीच्या दारी देव रोज वेगळं रूप घेऊन यायचा आणि फक्त ओंजळभर पाणी मागायचा. एकदा कुत्रा होऊन, एकदा तान्हं पोर होऊन. म्हातारीच्या घरी माठ एकच. देवाला एका दिवशीच सगळा माठ पाजला तर उद्या तो आला की काय देणार, ही तिची चिंता. गळा धोंडूचा कीर्तनकाराचा नव्हे, खरखरीत. पण त्यात असा जिव्हाळा होता की पहिली बाई कळशी घेऊन आली ती कळशी टेकून खाली बसली. दुसरीही बसली. ऊन उतरेपर्यंत कोणी दोरीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या दारी देव म्हशीच्या रूपाने आला, कारण ऐकणाऱ्यांत तबेल्याजवळची एक होती आणि तिने तसं मागितलं. शकु दूरवर आपल्या दारात वाती वळत बसायची. "म्हाताऱ्याला उद्योग नाही," म्हणायची, पण वाती वळायची तिथेच. दुपारी विहिरीवर जायचं नसतं, तिथे आख्यान असतं, एवढं रांगेला कळून गेलं. सांगावं लागलं नाही. गाठ सुटायची थांबली.

पाणी हळूहळू हलकं होऊ लागलं. मालन तरी कोणाला म्हणेना. दृष्ट लागेल असं वाटायचं.

शकुच्या दशरथचं लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा दादू पुन्हा आला. हातगाडीवर तेच इंजिन, सोबत दोन पोरं, आणि मागून शकु. भर सकाळी रांगेतली सगळी बाहेर होती.

"धोंडूमामा, पिंपं भरून ठेवायचीत लग्नाची," दादू म्हणाला. "तासभर चालवतो. आता पाणी बरं आलंय म्हणतात."

मालनच्या हातातली जुडी सुटली. तिने सासऱ्याकडे पाहिलं. धोंडू सगळ्यांसमोर नाही म्हणू शकत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"इंजिन नको, दादू," धोंडू म्हणाला. आवाज इतका बारीक की दादूला ऐकू गेला नाही. तो पाइप सोडवत होता.

"इंजिन परत न्हे," धोंडू पुन्हा, मोठ्याने म्हणाला.

आता शकु पुढे आली. डोळे भरले होते. "माझ्या पोराचं लग्न एकदाच आहे, मामा. बाप नाही त्याला. देवाला पाणी दिलंत, तेव्हा विचार नाही केलात. मी विधवा मागते तर तुमची विहीर आजारी?"

धोंडू चालत विहिरीच्या कठड्याकडे गेला आणि जिथून पाइप आत सोडायचा त्या खाचेत बसला. म्हाताऱ्या पाठीने खाच भरून गेली.

"शकु, तुझा पोर तो माझा पोर," तो म्हणाला. "माझ्या अंगावरना पाइप घाल. उठा म्हणू नको."

"म्हातारा नाटकं करतोय," दादू चिडला. "बुवांनी नाव घेतलं होतं तुझं! मंडळाची काय शोभा राहिली? असं असेल तर मंडळाचे टाळ आणून ठेव देवळात. पुन्हा पायरी चढू नकोस."

धोंडू उठला नाही. "मालन, टाळ आण गो."

मालनने आणले. चालताना टाळ आपोआप किणकिणत होते, आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. दादूने ते घेतले. घेताना त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. हातगाडी उलटी फिरवायला पोरांना वेळ लागला. चाक वाफ्यात रुतलं होतं.

शकु तशीच उभी होती. मालन तिच्याजवळ गेली. "ताई, लग्नाला पाणी कमी पडणार नाही. आजपासून लग्नापर्यंत रोज सकाळी घरटी एक हंडा तुमच्या पिंपात. वरच्या वर, पाटीने. पहिला माझा."

"माझ्या दारात भीक नको तुझी," शकु म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावलं.

पण सकाळी मालन हंडा घेऊन गेली तेव्हा दारातल्या पिंपावरचं झाकण काढून ठेवलेलं होतं. तिने हंडा रिकामा केला. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी. आतून शकुचा आवाज आला, "झाकण लावा गं नीट, पाल पडेल." लग्न पार पडलं. पंगतीत डाळ थोडी कच्चट होती, पण होती. धोंडूला पानावर बोलवायला दशरथ स्वतः आला.

मिरगाच्या आधी राऊत आले. मालनने पाटीने पाणी काढून पेला भरला. धोंडू मधे म्हणाला, "भाऊ, अजून वायच खारा आसा. गोड म्हणून सांगत नाय."

लवूने कपाळाला हात लावला. राऊतांनी घोट घेतला, दुसरा घेतला. "मचूळ आहे. पण पिता येतं." त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं. "बरं, समजा सुधारली. पावसात काठोकाठ भरेल. मग पुन्हा कोणाचं लग्न, कोणाचा सप्ताह. पुन्हा इंजिन. धोंडूमामा, माणसाची सवय मला माहीत आहे. तहान असेपर्यंत सगळे शहाणे."

"पावसात पण असंच काढू," मालन म्हणाली.

"काठोकाठ विहिरीतून पाटीने?" राऊत मान हलवत म्हणाले. "गोदामवाल्याला मी दसऱ्यापर्यंत थांबवतो. त्यापुढे माझाही इलाज नाही."

पाऊस लागला आणि लवकरच विहीर हाताला लागेल इतकी वर आली. पाणी गोड झालं, आणि मालनची काळजी वाढली. उन्हाळ्यात भीती सगळ्यांना होती. आता ती तिला एकटीला होती. गाठ पाटीच्या अगदी जवळ सरकली होती. आता कोणी नुसती कळशी बुडवून घेतली तरी काय बिघडणार होतं? तसं म्हणणारेही होते. पण दुपारी धोंडू सावलीऐवजी ओसरीत बसून टाळ्यांवर ठेका धरायचा, म्हातारीचं आख्यान काही संपत नव्हतं, आणि बाया आपल्या कामासकट येऊन बसायच्या. अळवाची पानं सुपाएवढी झाली होती. धुवण अजून बादलीतच साठायचं. कोणी विचारलं असतं तर का ते सांगताही आलं नसतं.

भाद्रपदात एका दुपारी, पाऊस उघडला असताना, राऊत अचानक आले. सोबत एक माणूस, हातात मोजायची टेप. मालन वाफ्यात वाकली होती, ती तशीच राहिली. दसरा अजून लांब होता. धोंडू ओसरीत गात होता, त्याला ते दिसले नाहीत.

त्या माणसाने घाम पुसला, पाणी मागितलं. राऊत स्वतः विहिरीकडे गेले. पाणी हातभरावर चमकत होतं. त्यांनी कठड्यावरची कोणाची तरी बादली उचलली.

"ओ, आत्ता नाही काढायचं."

शकुची नवी सून सुनंदा. हिरवा चुडा अजून हातात, कडेवर कपड्यांचा पिळा. तिने राऊतांना कधी पाहिलं नव्हतं.

"का बुवा?" राऊत म्हणाले.

"विहीर विसाव्याला पडलीय. दुपारी पडू द्यायची असते." तिने त्यांच्या हातातून बादली घेऊन उपडी घातली. "तहान लागली असेल तर आमच्या माठातलं देते. बसा."

"एवढं तुडुंब आहे की. आणि हे सांगितलं कोणी तुला?"

सुनंदा घोटाळली. तिने रांगेकडे पाहिलं, ओसरीत टाळ्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"इथे असंच आहे," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

टेपवाला हसला. "तुमच्याच विहिरीवर तुम्हाला बंदी, राऊतसाहेब?"

राऊत हसले नाहीत. पेला आला, त्यांनी तो आधी पाहुण्याला दिला, मग दुसरा स्वतः प्याले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पाहुण्याला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

"आणि मापं?"

"नको."

त्यांनी चपला काढल्या आणि ओसरीच्या कडेला, बायांपासून जरा अंतर ठेवून, मांडी घालून बसले. शकुने न बघताच सूप उचलून त्यांना जागा करून दिली. धोंडूचे डोळे मिटलेले होते. म्हातारीच्या दारी आज देव कोण होऊन आला ते तो अजून सांगत होता.